शिगवणकाकांचा पांढरा

शिगवणकाकांचा उजवा अंगठा कधी स्वस्थ बसला नाही. काका स्वतःही बसत नसत, पण निदान जेवताना आणि झोपेत तरी ते एका जागी असत. अंगठ्याचं तसं नव्हतं. आमच्याकडे संध्याकाळी चहाला आले की कप डाव्या हातात, आणि उजव्या अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवरून, खुर्चीच्या हातावरून, फ्रिजच्या दारावरून फिरत असे. मध्येच थांबे.

"इथं काहीतरी आपटलंय," काका म्हणत.

"आपटलं नाही काका, फ्रिज हलवताना भिंतीला घासला," माझी बायको सांगे.

काका मान डोलवत आणि नख पुढे सरके. चहा संपायच्या आत ते उठलेले असत. दारापर्यंत जाऊन परत येत, काहीतरी सांगायचं राहिलेलं सांगत, पुन्हा दारापर्यंत जात.

दुसऱ्या मजल्यावरचे रेगे वारले तेव्हाची गोष्ट. शववाहिनी फाटकाशी उभी होती. काकांनी खांदा दिला, रेग्यांना आत ठेवलं, सगळे हात जोडून उभे राहिले. काकांचा मात्र एकच हात छातीशी होता. दुसऱ्याचा अंगठा शववाहिनीच्या मागच्या दारावर. काकू मागून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो! हात जोडा." त्यांनी जोडले. स्मशानातून परत येताना मला म्हणाले, "खजिनदार, त्या गाडीचं मागचं दार दोनदा रंगवलंय. खालचा थर घासलाच नाही, तसाच वर मारला. माणूस एकदाच बसतो त्या गाडीत, म्हणून काय कसंही करायचं?" त्यांचे डोळे ओले होते. रेगे त्यांचे चांगले मित्र होते. तो राग आणि ते दुःख त्यांच्यात वेगवेगळं निघत नसे.

मला ते नावाने हाक मारत नसत. मी सोसायटीचा खजिनदार, म्हणून "खजिनदार". नोकरीतही मी हिशेबच बघतो. अंदाजाने बोलायची मला सवय नाही, त्यामुळे काकांबद्दलही जे पाहिलं तेवढंच लिहितोय.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. गाड्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वरसावेला पुलाच्या अलीकडे हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. जागामालकाने जागा परत मागितली तेव्हा त्यांनी शेड सोडली आणि भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. मुलगी लग्न होऊन चिपळूणला. इथे काका आणि काकू. मोठं काम आता नको, असं त्यांनी ठरवलं होतं, पण घरात बसणंही जमेना. मग इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ते फेऱ्या मारू लागले. खांबाला घासलेली दारं, पोरांच्या सायकलींनी खरवडलेले बंपर, घोडबंदर रोडवरच्या डंपरमधून उडालेल्या खडीने टवका गेलेली बॉनेट. हे सगळं त्यांना दिसे, आणि दिसलं की राहवत नसे.

कुणी ओरखडा दाखवायला आलं की आधी नख. "नख अडलं तर माझं काम. नाही अडलं तर फडक्याचं काम, घरी जा आणि पॉलिश लाव." नख अडलं की ते काडेपेटीतली काडी घेत, ब्लेडने तिला टोक काढत, आणि त्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन ओरखड्यात ठेवत. फासायचा नाही, ठेवायचा. तो सुकला की त्यावर दुसरा. मग तिसरा. खड्डा भरून किंचित वर आला की बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून घासायचा, वर पारदर्शक थर, आणि शेवटी पॉलिश. रंगाचा खर्च घेत. मेहनतीचं विचारलं तर चिडत.

दोन थेंबांच्या मधला वेळ हा मला त्यांचा सगळ्यात आवडता वेळ. उलट्या बादलीवर ते बसत, उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून ठेवत आणि हलत नसत. कुणी काही बोलायला लागलं तर नुसतं एक बोट वर. रंग सुकतोय, नंतर बोला. जो माणूस चहा संपेपर्यंत खुर्चीत टिकत नसे, तो रंग सुकेपर्यंत तसाच बसून राही. सुकला की पुन्हा वाऱ्यासारखा उठे.

बढाई मारायचे, हेही सांगायला हवं. काम झालं की गाडीच्या मालकाला उन्हात आणून उभं करायचे आणि म्हणायचे, "दाखव. कुठे होतं, दाखव." मालकाला सापडलं नाही की काकांचा चेहरा असा फुले, की त्या दिवशी काकूंनी पानात काय वाढलं याकडेही त्यांचं लक्ष नसे.

आमच्याकडे बेचाळीस गाड्या आहेत आणि त्यांतल्या तेवीस पांढऱ्या. पार्किंगची यादी माझ्याकडेच असते, म्हणून आकडा पक्का आहे. "पांढरा हा सगळ्यात लबाड," काका म्हणत. "काळा एकदा काळा म्हटला की झालं. पांढऱ्याला भाऊबंद किती! एकात निळ्याची टिकली असते, एकात पिवळ्याची, एकात काळ्याची. कंपनी नंबर देते, पण गाडी दोन उन्हाळे उन्हात उभी राहिली की तो नंबर काय कामाचा? मग हे लागतं." आणि ते स्वतःच्या डोळ्याकडे बोट करत. शेड गेली, अवजारं विकली, माणसं पांगली. त्यांच्याजवळ राहिलेली चीज ही एवढीच. काकूंच्या साडीला मॅचिंग फॉल किंवा ब्लाउजपीस आणायचा असला तरी काका साडी बरोबर नेत नसत. एकदा बघून जात आणि अचूक तोच रंग घेऊन येत. काकू लग्नापासून मॅचिंगसाठी दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या.

पहिल्यांदा बोलली ती जिग्नाबेन. तिसऱ्या मजल्यावर राहते, बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ हातांमुळे तिच्या पांढऱ्या गाडीला सतत काही ना काही लागलेलं, त्यामुळे ती काकांचं कायमचं गिऱ्हाईक. एक दिवस काकांनी तिला बंपर दाखवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कुठे होतं, दाखव.

तिने लगेच बोट ठेवलं. "काका, बुरा मत मानना. ये तो मलाई लगायी हो ऐसा दिखता है."

"मलाई? तेरा चष्मा पोंछ पहले. उजेडात बघ."

"उजाले में ही देख रही हूँ. इसी लिए तो बोलती हूँ."

"तू गाडी शिकव. रंग मला शिकवू नकोस."

"ठीक छे, काका," जिग्नाबेन म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात नवा ओरखडा घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच आली. "मलाई तो मलाई, पण काका के हाथ की." त्यावर काका तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. काम मात्र केलं.

ती खरं बोलत होती. काकांनी भरलेल्या जागा पिवळट दिसायला लागल्या होत्या. इमारतीखालच्या अंधुक उजेडात फारसं कळत नसे. गाडी बाहेर उन्हात काढली की दारावर, बंपरवर सायीसारखे ठिपके. सगळ्यांना दिसत होते. सगळे म्हणत होते, "वा काका, कळतच नाही."

सगळ्यात अवघड झालं पाटकरांचं. पाटकर माझ्या शेजारचे, सरकारी नोकरीत आहेत. कुणाला नाही म्हणायचं तर त्यांना घाम फुटतो. त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर काकांनी काम केलं. पाटकरांनी तोंडभर स्तुती केली, आणि पुढच्या रविवारी गाडी गुपचूप ठाण्याला नेऊन वर्कशॉपमध्ये ते अख्खं दार रंगवून आणलं. त्यानंतर ते दार काकांचं प्रदर्शन झालं. कुणाकडे पाहुणा आला की काका त्याला तिथे नेत. "सांगा, कुठे होतं?" पाहुणा वाकून बघे, हात टेके, हरे. काका हसत. पाटकर जवळ असले तर वर बघत उभे राहत, पाऊस येणार आहे का ते जणू तपासत.

मला हे बघवत नव्हतं. माझ्या गाडीच्या मागच्या बाजूलाही असाच एक ठिपका होता. मी एका सकाळी काकांना बोलावलं, गाडी उन्हात घेतली आणि एक कोरा कागद आणला. आधी गाडीच्या मूळ रंगाला लावून दाखवला, मग त्यांच्या ठिपक्याला.

"बघा काका. फरक दिसतोय ना?"

काकांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "सारखेच आहेत."

तोवर मला वाटत होतं की हा हट्ट आहे. त्यांचा चेहरा पाहिला आणि कागद खाली घेतला. त्यांना खरोखरच सारखं दिसत होतं.

"काका, डोळे दाखवून घ्या. मोतीबिंदू असेल. आजकाल तासाभराचं काम असतं."

"डोळे दाखवून घ्या?" त्यांचा आवाज चढला. "आतली काच काढतात आणि प्लास्टिकची बसवतात, माहितीये मला. त्या प्लास्टिकला माझे रंग काय ठाऊक? वरसावेला या डोळ्यांवर शेड चालली. तू हिशेबातला माणूस आहेस, हिशेबात राहा."

ते निघून गेले. त्या संध्याकाळी चहाला आले नाहीत, दुसऱ्याही नाही. खाली पार्किंगमध्ये त्यांच्या चपलांचा आवाज येत राहायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट. बायको कप मांडायची आणि परत ठेवायची.

शेवटी त्यांना हलवलं ते काकूंच्या साडीने. गर्द निळी साडी होती, भाचीच्या लग्नात नेसायची. काका नेहमीप्रमाणे एकदा बघून गेले आणि फॉल घेऊन आले. काळा. काकूंनी साडी आणि फॉल शेजारी शेजारी पलंगावर पसरले.

"हे कसं वाटतं?"

"कसं म्हणजे? एकच रंग आहे."

"एकच दिसतंय ना? म्हणूनच चला दवाखान्यात."

काका उखडले. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नका येऊ. यापुढे मॅचिंगला मी जिग्नाबेनला पाठवीन."

चार दिवसांनी मीरा रोडच्या दवाखान्यात काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले ते पट्टी निघाल्यानंतर. संध्याकाळी दार वाजलं. काका उभे, उजवा डोळा तळहाताने झाकलेला, मागे काकू.

"संपलं, खजिनदार," ते म्हणाले. "सगळं निळं दिसतंय. ट्यूबलाइट निळी, भात निळा, दूध निळं. हिचे केससुद्धा निळे."

"निळे नाहीत, पांढरे आहेत," काकू म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."

डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की जुन्या डोळ्याला पिवळ्या काचेतून बघायची सवय झालीय, नव्याची सवय व्हायला थोडे दिवस लागतील, आणि दुसऱ्या डोळ्याचंही लवकर करून घ्या. काकांनी त्यातलं एकही मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी नवा डोळा बिघडवून दिलेला होता, आणि आता जुना तरी वाचवायचा होता.

ते दिवस वाईट गेले. काका दिवसभर हिंडत. एक डोळा झाकून भिंत बघत, मग दुसरा झाकून तीच भिंत. आभाळ बघत. दूधवाल्याची पिशवी बघत. स्वतःचा सदरा बघत. भेटेल त्याला थांबवत आणि मध्येच सोडून पुढे जात. एकदा जिन्यात मला अडवलं.

"दोन डोळे दोन गोष्टी सांगतायत. कुठला खरा?"

"नवा."

"तू डॉक्टरच्या बाजूचा. पुरावा काय?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. मी म्हटलं की मला कागद पांढरा दिसतो, तर ते म्हणाले, तुला काय दिसतं ते मला कसं दिसणार? हे बरोबरच होतं. पुराव्याशिवाय आकडा मांडू नये हे मी लोकांना सांगत आलोय, त्यामुळे गप्प राहिलो. काका तळहाताने नवा डोळा झाकून, जुन्या डोळ्याने रंग कालवत राहिले. आणखी दोन-तीन गाड्यांना साय लागली.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या गाड्या इमारतीखालून बाहेर काढून, धुऊन, फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत रांगेने उभ्या करतात. पूजा काकांच्या हातची. गाड्यांची एवढी सेवा केलेला दुसरा माणूस आमच्यात नाही, म्हणून ते आले त्या वर्षापासूनचा हा रिवाज. आणि त्यांची पद्धतही ठरलेली. ओलं कुंकू रंगावर फासायचं नाही, डाग राहतो. आधी पारदर्शक टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा आणि टिळा त्याच्यावर. झेंडूचा हार तारेने बांधायचा नाही, सुताने. नारळ चाकापासून लांब फोडायचा.

दरवर्षी ताट काकूंच्या हातात असे. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता, त्या खुर्चीत बसून टेपचे तुकडे आणि हार देत होत्या. त्यामुळे डाव्या हातात ताट, उजव्याच्या अनामिकेवर कुंकू, असे काका निघाले. डोळा झाकायला हात मोकळाच नव्हता.

ऊन कडक होतं. पहिली गाडी जिग्नाबेनची. काका टिळा लावायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

आम्हाला वाटलं कंबर धरली. जिग्नाबेन पुढे झाली. काका बंपरकडे बघत होते.

"इथं," ते म्हणाले. "तू इथंच बोट ठेवलं होतंस ना?"

"हा काका."

"आणि दिव्याच्या खाली, इथं?"

"हा."

"आणि आरशाखाली?"

"वो भी."

काकांनी उजवा डोळा घट्ट मिटला. मग उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. कुणीतरी म्हणालं, कुंकू गेलं वाटतं डोळ्यात, पाणी आणा. काकांनी मान हलवली आणि गर्दीत मला शोधलं.

"खजिनदार, मिटला की जातंय, उघडला की दिसतंय. आणि हिनं दाखवलं होतं नेमकं तिथंच दिसतंय. बिघडलेल्या डोळ्याला हिनं ठेवलेलं बोट कसं कळेल?" थोडं थांबून म्हणाले, "मिळाला पुरावा."

मग ते रांगेने निघाले. प्रत्येक पांढऱ्या गाडीपाशी थांबले, आपली जागा शोधली, सापडली की मान हलवली, टेप चिकटवली, टिळा लावला, पुढे गेले. चालणं नेहमीपेक्षाही घाईचं झालं होतं. ताटातल्या अक्षता सांडत होत्या. माझ्या गाडीपाशी आले, ठिपका पाहिला, टिळा लावला, पुढे गेले. मालक आपापल्या गाडीशी उभे होते. कळतच नाही काका, कळतच नाही, असं म्हणणारे हेच सगळे.

पाटकरांच्या गाडीपाशी ते दाराजवळ वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. एक डोळा, दुसरा डोळा. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा बघा!" ते ओरडलेच. "हा जमलाय! दोन्ही डोळ्यांनी नाही सापडत. म्हणजे अगदीच गेलं नव्हतं. निदान हा एक तरी…"

पाटकर जमिनीकडे बघत होते. जिग्नाबेनने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला असं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी ताट माझ्या हातात दिलं. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी दारावर टेकलं आणि कौतुकाने फिरवलं, पाठीवरून हात फिरवावा तसं. ते वर काचेपर्यंत गेलं आणि सवयीने काचेच्या रबराखाली शिरलं. तिथे थांबलं. रबराखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, नव्या रंगाची कड होती.

काकांनी अंगठा बाहेर काढला.

"अख्खं दार मारलंय," ते हळू म्हणाले. "चांगलं मारलंय. कुठे केलंत?"

"ठाण्याला," पाटकर म्हणाले. "काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी…"

"कधी?"

"गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आधी."

"आणि मी तेव्हापासून लोकांना दाखवतोय."

काकांनी ताट माझ्याकडून परत घेतलं, पाटकरांच्या बॉनेटवर टेपचा तुकडा सरळ लावला, कोपरे दाबले, टिळा लावला. राहिलेल्या गाड्या पूर्ण केल्या. नारळ फोडला. संध्याकाळी सोनं द्यायला मात्र कुणाकडे गेले नाहीत. आम्ही त्यांच्याकडे गेलो तर काकूंनी दारातच आपट्याची पानं घेतली.

दुसऱ्या डोळ्यासाठी काकांनी स्वतःच दवाखान्यात फोन केला.

तो डोळाही चांगला झाला. निळं दिसणं कमी झालं. डॉक्टरीण बाई खूश होत्या. पण काकांनी काडी हातात धरली नाही. पार्किंगमध्ये फेऱ्या चालू होत्या, फक्त उजवा हात खिशात असे. जिग्नाबेन दारात उभी राहून ओरडायची, "काका, नवा माल आयेला है!" काका म्हणायचे, "वर्कशॉपला जा. ठाण्याला चांगलं करतात." चहाला येत, पण अंगठा टेबलावर फिरत नसे. माझी बायको एकदा म्हणाली की यापेक्षा फ्रिज खरवडला असता तरी चाललं असतं.

अशात एका रविवारी पाटकर काकांच्या दाराशी आले. मी खालीच होतो. त्यांचं तोंड उतरलेलं, एक हात पँटच्या खिशात.

"काका, जरा येता? काल वरसावेला पुलाजवळ रिक्षा घासली. त्याच दाराला."

काका नको नको म्हणत गेले. दारावर हातभर लांब ओरखडा होता. काका बघत राहिले. खिशातला हात बाहेर यायला वेळ लागला, पण आला. नख टेकलं.

"अडतंय," ते म्हणाले. नख ओरखड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलं. मग परत आणलं. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं अडतंय."

पाटकर आभाळाकडे बघू लागले.

"कुठे कमी नाही, जास्त नाही. सरळ रेघ." काकांनी मान वर करून पाटकरांकडे पाहिलं. "फार जपून चालवणारा रिक्षावाला भेटला तुम्हाला."

"हो," पाटकर म्हणाले. "सावकाशच होता." खिशात त्यांनी गाडीच्या किल्ल्या मुठीत आवळल्याचा आवाज मला ऐकू आला. काकांनाही आला असणार.

काकांनी ओरखड्यावरची धूळ तळहाताने पुसली. मग म्हणाले, "तुमचं शेवटी. आधी माझी जुनी पापं आहेत. नंबर लावा."

तो सगळा हिवाळा काका खाली होते. एकेका गाडीवरचा पिवळट ठिपका उकरून त्यांनी नव्याने भरला. सुरुवात माझ्या गाडीपासून केली. आता ते "कुठे होतं, दाखव" म्हणत नसत. "खरं सांग," म्हणत. आणि आमच्या लोकांनी खरं सांगायचा असा ध्यास घेतला, की जो तो नसलेले दोष काढू लागला. कुणाला कड दिसे, कुणाला सावली, एकाला तर मूळ रंगातच खोट सापडली. काका वैतागले. "अरे, आधी कुणी बोलत नव्हतात, आता कुणी थांबत नाही!" शेवटी त्यांनी सगळ्यांना हाकललं आणि एकच परीक्षक ठेवला, जिग्नाबेन. ती हो म्हणेल तेव्हाच गाडी सुटायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर काका-काकूंनी मुलीकडे चिपळूणला कायमचं जायचं ठरवलं. सामान बांधून झालं होतं. पाटकरांचं दार तेवढं राहिलं होतं.

माझ्या मनात काका राहिलेत ते त्या सकाळचे. गाडी फाटकाजवळ उन्हात उभी. ओरखडा भरून, घासून, वरचा शेवटचा पारदर्शक थर नुकताच दिलेला. काका उलट्या बादलीवर, अंगठा डाव्या मुठीत, दाराकडे डोळे लावून. पाटकर झाडाखाली. काकू वर्तमानपत्राने वारा घेत खुर्चीत. जिग्नाबेन शिकवणीवरून आली, गाडी लावली, आणि न सांगता दारापाशी वाकली. डावीकडून पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, उजवीकडून पाहिलं. पाटकर झाडाखालून दोन पावलं पुढे आले. मीही.

ती सरळ उभी राहिली. तिने दाराकडे पाहिलं, पाटकरांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काका," ती म्हणाली, "किधर था?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दारावरची नजर न काढता त्यांनी एक बोट वर केलं. थर अजून सुकायचा होता.